उपासानंतरची पायांची सूज

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव हे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील इतर गावांप्रमाणे तेथील संसारही धानाच्या आधाराने चालतो. ह्या मुलखात एखाद्याच्या पायाला सूज आली आणि ती महिना-दोन महिने हटली नाही, म्हणजे घरची, शेजारची व पाहुणीरावळी मंडळी तिला एकच नाव देऊन मोकळी होतात. ते नाव म्हणजे हत्तीपाय. हा तर्क केवळ अडाणीपणाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भातील जिल्हे हत्तीरोगाचे जिल्हे म्हणून वैद्यकाला चांगले परिचित आहेत. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचा, म्हणजे ह्याच हत्तीपायाचा, विचार करताना जेथे जुने पाणी साचून राहते आणि जेथे सर्व ऋतूंत गारवा असतो अशा देशांत हा रोग विशेषेकरून होतो, असे म्हटले आहे. वैशाखातील भंडाऱ्याला थंड म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु साचलेल्या पाण्याची खूण तलावांच्या ह्या जिल्ह्याला पुरेपूर लागू पडते.

हत्तीरोगाची हकीकत थोडक्यात अशी आहे. कलकत्त्यास टिमथी लुइस ह्या डॉक्टरांनी १८७२ साली माणसाच्या रक्तात ह्या रोगाचे सूक्ष्म कृमी पाहिले, आणि १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी त्या कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखविले. आपल्याकडे हा डास क्युलेक्स जातीचा असतो. तलावाच्या निर्मळ पाण्यापेक्षा किंवा धानाच्या बांधीपेक्षा त्याला गटार, शौचकूपाची टाकी, सांडपाण्याचे डबके अशी घाण अधिक मानवते. तेव्हा दोष द्यावयाचा तर तो तलावांना न देता घरामागच्या मोरीला द्यावा, हे बरे. शरीरात शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे घर करून राहतात, आणि त्या वाहिन्या निकामी झाल्या म्हणजे पायातील लसिका वर चढेनाशी होते. कृमींची पिले रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री घेण्याची वहिवाट पडली. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे डी.ई.सी. व अल्बेंडाझोल ह्या गोळ्या रोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा घरोघर देण्याचा उपक्रम आला, आणि २०१९ साली नागपूर जिल्ह्यात त्यांना आयव्हरमेक्टिन ह्या तिसऱ्या औषधाची जोड मिळाली.

तथापि सुजलेला प्रत्येक पाय हत्तीपाय नव्हे. अशी एक सूज आहे की, जिच्याशी डासाचा किंवा मोरीचा काडीचाही संबंध नसतो, आणि जी धानाच्या गावात जशी, तशीच नागपूर-पुण्याच्या शिकलेल्या घरातही दृष्टीस पडते. कित्येक महिने अन्नावर रुसलेली मुलगी अखेर जेवू लागते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग आठ-दहा दिवसांतच तिचे घोटे दिसेनासे होतात, चपलेचा पट्टा रुतू लागतो, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा येतो. गावाकडचे पाहुणे हत्तीपायाची शंका घेतात. मुलीला स्वतःला मात्र काही निराळेच वाटते; तिच्या मते ही चरबी आहे, आणि जिची तिला इतके दिवस धास्ती होती तीच गोष्ट अखेर घडली आहे. पाहुण्यांच्या चुकीने फार तर रक्ताची एक तपासणी वाया जाते. मुलीच्या चुकीने ती पुन्हा ताटावरून उठते, आणि ह्या विकारात दुसऱ्यांदा ताटावरून उठणे जिवावर बेतू शकते.

घरात अन्न असून ते न खाण्याच्या ह्या विकाराला पाश्चात्त्य वैद्यकात नाव मिळाले ते १८७३-७४ च्या सुमारास. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग ह्या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी त्याचे वर्णन केले. अधाशीपणाने खाऊन मग ते ओकून टाकण्याचा जो दुसरा विकार, त्याचे स्वतंत्र वर्णन जेराल्ड रसेल ह्यांनी १९७९ साली केले. आपल्याकडे ह्या दोहोंना आहारविकार असे म्हणतात. हे विकार मुलींत अधिक आढळतात हे खरे. पण मुलगे त्यांतून सुटलेले आहेत असे नाही. मराठी घरात त्यांना लपावयास एक सोयीची जागा असते, ती म्हणजे उपास. उपास हा काही रोग नव्हे. नेमाने एकादशी करणारी आजी द्वादशीला आनंदाने पारणे फेडते. आणि एकादशी व दुप्पट खाशी ही म्हण ज्यांच्यावरून पडली त्यांची तर काळजीच नको. काळजी तिची करावयाची, जिच्या सोमवाराला गुरुवार, गुरुवाराला चतुर्थी आणि चतुर्थीला कसलेसे व्रत येऊन मिळते, जिचे पारणे कधी उगवतच नाही, आणि जी जेवलीच तर जेवणानंतर लगेच न्हाणीघराचे दार लावून घेते. रेचक औषधे आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या ह्यांचा चोरून वापर हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

ह्या सुजेची नोंद वरील नावांच्या फार आधीची आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वयथूवर, म्हणजे सुजेवर, एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सुजेची कारणे सांगताना आरंभीच असे म्हटले आहे की, शोधनाने, रोगाने अथवा अन्न न खाल्ल्याने जो कृश व दुर्बळ झाला आहे, त्याने क्षार, आंबट, तीक्ष्ण, उष्ण आणि जड पदार्थ सेवन केले असता सूज उत्पन्न होते. शोधन म्हणजे वमन आणि विरेचन इत्यादी. ओकारी, रेच आणि उपास, आणि त्यांच्या पाठोपाठ रिकाम्या शरीरावर पडलेले जड, चमचमीत अन्न! आजच्या रुग्णालयातील प्रकरणपत्रिकेवर जी कारणपरंपरा लिहिली जाते तीच ही होय. शोधनाचा उपदेश करणाऱ्या शास्त्रानेच त्याच्या अतिरेकाचा हा परिणाम टिपून ठेवावा, ह्यात त्या शास्त्रकारांचा प्रामाणिकपणा दिसतो.

दुष्काळाने तर हा धडा वारंवार गिरवून घेतला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी तेव्हाचा मध्यप्रांत होरपळून काढला. भंडारा जिल्हा त्या काळी ह्याच प्रांतात मोडत असे. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि कलकत्त्याच्या रुग्णालयांत आलेल्या उपासमारग्रस्तांत पाय व पोट सुजलेले रोगी डॉक्टरांनी पाहिले. छातीच्या फासळ्या मोजता येतात आणि पाय मात्र फुगलेले आहेत, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला ते कोडेच वाटावे. लहान मुलांच्या कुपोषणातही काही मुले वाळत जातात, तर काही सुजतात. मराठीत पहिल्या अवस्थेला सुकटी आणि दुसरीला सुजवटी असे अन्वर्थक शब्द रूढ झाले आहेत.

ह्या कोड्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, ॲन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांवर हा प्रयोग केला. हे तरुण सद्सद्विवेकास स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते, आणि युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपाला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून त्यांनी स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी राहणे पत्करले. बटाटे, सलगम, कोबी, पाव असे साधे व तुटपुंजे अन्न त्यांना मिळे. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. चरबी गेली, स्नायू गेले. पण शरीरातील पेशींबाहेरचे पाणी जवळजवळ जेवढ्यास तेवढे राहिले. माणूस आटला, त्याच्या अंगातले पाणी आटले नाही. मग ते घोट्यांत आणि चेहऱ्यावर दिसू लागले. रक्तातील प्रथिने कमी झाली म्हणून सूज येते, अशी जी सर्वसाधारण समजूत होती तिला ह्या प्रयोगाने धक्का दिला, कारण त्या तरुणांच्या रक्तातील प्रथिने फारशी घसरली नव्हती. आणखी एक गोष्ट अशी की, पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींची सूज लागलीच गेली नाही. कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सर्व हकीकत १९५० साली दोन जाड खंडांत प्रसिद्ध केली.

उपाशी शरीराला सूज येते हे एक, आणि जेवू लागल्यावर ती वाढते हे दुसरे. घरातील माणसे गोंधळतात ती ह्या दुसऱ्या गोष्टीने. म्हणून तिची कारणे जरा विस्ताराने पाहणे अवश्य आहे.

भात, भाकरी, साखर असे पिष्टमय अन्न पोटात गेले म्हणजे रक्तात इन्सुलिन वाढते. साखर पेशींत पोचविणे हे त्याचे प्रसिद्ध काम. परंतु मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवावयास लावणे हेही त्याचेच काम आहे, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानी नसते. उपासाच्या दिवसांत इन्सुलिन अगदी खाली गेलेले असते. ते एकाएकी वर आले की मूत्रपिंड मीठ अडवून धरते, आणि मीठ राहिले तेथे पाणी राहिलेच. त्याच वेळी यकृत आणि स्नायू ह्यांतील ग्लायकोजेनचे कोठार पुन्हा भरू लागते. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतो. अर्धा किलो ग्लायकोजेन साठले तर काट्यावर दोन किलो वाढ दिसेल, आणि तीत चरबीचा अंशही नसेल. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. पण आपल्याच शरीराविषयी भयभीत झालेल्या मुलीला ते दुसऱ्याने सांगावे लागते, आणि पुनःपुन्हा सांगावे लागते.

ओकाऱ्या, रेचके आणि लघवीच्या गोळ्या ह्यांची सवय असलेल्यांत आणखी एक यंत्रणा चालू असते. शरीरातून पाणी व क्षार सतत वाहून जात असल्यामुळे अधिवृक्क ग्रंथी आल्डोस्टेरॉन हा संप्रेरक भरपूर निर्माण करू लागतात. आल्डोस्टेरॉन हा शरीराचा काटकसरी कोठारी होय; मीठ बाहेर जाऊ द्यावयाचे नाही एवढेच त्याला ठाऊक. १९५३ साली तो प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा काढण्यात आला. आता ह्या मुलीने एके दिवशी निश्चय करून ओकणे व गोळ्या घेणे बंद केले, तर बाहेर जाणारा ओघ त्या दिवसापासून थांबतो. पण कोठाऱ्याला ही बातमी पोचावयास दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तो पूर्वीच्याच कसोशीने मीठ अडवीत बसतो. परिणामी चांगल्या निश्चयाचे पहिले फळ म्हणून पदरात पडतात ते सुजलेले पाय. निसर्गाने ह्याहून विपरीत बक्षीस क्वचितच योजले असेल.

शिवाय पायांची स्वतःचीही अडचण असते. पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलागणिक आवळतो आणि शिरांतील रक्त वर ढकलतो. उपासाने पोटरी झिजली म्हणजे हा पंप लुळा पडतो. त्वचेखालची चरबी गेल्यामुळे तेथील जागा ढिली झालेली असते आणि पाण्याला तेथे साचावयास काही अडसर राहत नाही. पोटरी पुन्हा भरून येण्यास काही महिने लागतात. म्हणून आल्डोस्टेरॉन शांत झाल्यावर आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्यावरही कित्येकांच्या पायांवर संध्याकाळची सूज रेंगाळत राहते. बहुतेकांची सूज काही आठवड्यांत उतरते, थोड्यांची काही महिने पुरते. ही मुदत आरंभीच सांगून ठेवली असता पुढची पुष्कळ घालमेल वाचते.

सूज पाण्याची आहे हे ओळखण्यास मोठी साधने लागत नाहीत. नडगीच्या हाडावर अंगठा अर्धा मिनिट दाबून धरावा आणि उचलावा. खळगा पडून तो सावकाश भरत असेल तर ते पाणी होय. चरबीवर असा खळगा राहत नाही. ही सूज बहुधा दोन्ही पायांवर सारखी असते, दिवसभर वाढते, रात्रीच्या झोपेने उतरते, आणि उतरताना पुष्कळदा चेहऱ्यावर थोडी हजेरी लावून जाते. हत्तीपायाची सूज बहुधा एका पायावर आधी किंवा अधिक असते, तिच्याबरोबर मधूनमधून थंडी-ताप आणि जांघेत अवधाण येते, आणि जुनी झाल्यावर ती कातडी जाड, खरबरीत करून सोडते. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत उचलता आली नाही, तर लसिकेचा दोष आहे असे डॉक्टर समजतात. अर्थात नव्या हत्तीरोगाच्या सुजेवरही खळगा पडतो, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात एकाच व्यक्तीला दोन्ही कारणे असणे अशक्य नाही. तेव्हा अंगठ्याच्या परीक्षेवर घरबसल्या अंतिम निकाल देऊ नये. रात्रीच्या रक्तात कृमी सापडले नाहीत म्हणून हत्तीरोग नाहीच, असेही ठरत नाही. सूज जुनी होईपर्यंत ते पुष्कळदा रक्तातून नाहीसे झालेले असतात.

डॉक्टरांचे ह्या प्रकरणातील पहिले काम म्हणजे इतर कारणे वगळणे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, कंठग्रंथी, रक्तक्षय ह्या सर्वांचा विचार त्यांत येतो. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, पोटरी कडक व उष्ण लागली, दम लागू लागला, छातीत धडधड झाली, शुद्ध हरपू लागली, तर उद्यावर टाकू नये; गावातून प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तेथून तालुक्याचे अथवा जिल्ह्याचे रुग्णालय गाठावे. मात्र डॉक्टरांपुढे आहाराची हकीकत लपविली तर ही सगळी धावपळ फुकट जाते. सुजलेल्या पायाबरोबर आईने सांगितले काय, तर 'हिला जरा अशक्तपणा आहे'. मग समोरच्या डॉक्टरांनी सलाईनची बाटली लावली तर त्यांना बोल कसा लावावा? ओकाऱ्या व रेचके नुकतीच थांबविलेल्या शरीरात घाईने सोडलेले सलाईन, म्हणजे मीठ धरून ठेवण्यास आसुसलेल्या मूत्रपिंडाला दिलेले मिठाचे पोतेच होय. अशक्तपणा वाटला की बाटली लावून घेण्याची चाल आपल्याकडे बोकाळली आहे; ह्या रोग्यांच्या बाबतीत तरी तिला आळा घातला पाहिजे.

लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांची कथा ह्याहून वाईट. त्या घेतल्या की दोन दिवसांत पाय उतरतात आणि काटा खाली येतो, म्हणून त्यांचा मोह मोठा असतो. परंतु त्यामुळे शरीराला पुन्हा पाण्याचा तुटवडा भासतो, आल्डोस्टेरॉन पुन्हा वर चढतो, आणि गोळी थांबताच सूज दुपटीने परत येते. त्यातच पोटॅशियम वाहून जाऊन हृदयाची लय बिघडण्याचे भय असते. क्वचित काही रोग्यांना डॉक्टर आल्डोस्टेरॉनच्या विरुद्ध काम करणारे सौम्य औषध मोजक्या दिवसांसाठी देतात. पण तो निर्णय रक्तातील क्षार पाहून घ्यावयाचा असतो. शेजारणीच्या डबीतील गोळी ही त्याची बदली नव्हे. पाणी पिणे तोडल्यानेही काही साधत नाही. शरीर अधिकच कंजूष होते एवढेच.

खरा धोका सुजेत नसून तिच्या शेजारी उभा असतो. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपेट अन्न दिले असता रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात. जपानी युद्धकैद्यांना महायुद्धानंतर फिलिपीन्समध्ये अन्न मिळू लागल्यावर त्यांतील काही दगावले, आणि ह्या प्रकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. म्हणून अतिशय वाळलेल्या रोग्याचे पहिले आठ-दहा दिवस रुग्णालयात, थोड्या अन्नापासून चढत जावे आणि रक्त वरचेवर तपासावे. थायमिन ह्या जीवनसत्त्वाचीही तीच कथा. ते कमी पडले असता जी बेरीबेरी होते तिच्या एका प्रकारात पाय सुजतात आणि हृदय थकते. आणि पिष्टमय अन्न जितके अधिक, तितके ते अधिक खर्ची पडते. जावा बेटावर आयकमन ह्यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८९० नंतरच्या वर्षांत, कोंबड्यांना पांढराशुभ्र सडलेला तांदूळ घालून हा रोग आणून दाखविला आणि कोंडा घालून तो घालविला. धानाच्या मुलखाने ही गोष्ट विसरू नये. हातसडीचा किंवा उकडा तांदूळ, वरण, उसळ, शेंगदाणे ह्यांना घरातील पांढऱ्या भाताइतकाच मान दिला पाहिजे. अर्थात ज्याची प्रकृती नाजूक झाली आहे त्याला थायमिन औषध म्हणूनच आधी द्यावे लागते.

रेंगाळणाऱ्या सुजेसह दिवस कसे काढावयाचे हा प्रश्न मग उरतो. दुपारी अर्धा-पाऊण तास आणि रात्री पाय हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित वर राहतील असे निजावे; एखादी उशी पोटरीखाली घातली तरी पुरते. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून तासन् तास वाचीत बसणे हे सुजेला आमंत्रण होय. अर्ध्या-अर्ध्या तासाने घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात. चालणे चांगले; पण ह्या मुलींच्या बाबतीत व्यायाम हा शब्द जपून उच्चारावा, कारण त्यांतील कित्येकींनी खाल्लेले जिरविण्यासाठीच मैलोगणती चाल केलेली असते. किती चालावे हे डॉक्टरांनी ठरवावे. मीठ अजिबात तोडू नये. पापड, लोणचे, सांडगे, फरसाण ह्यांचा हात मात्र आखडता ठेवावा. दाब देणारे मोजे उपयोगी पडतात. ते पायाचे माप घेऊन, पायातील रक्तप्रवाह व हृदय तपासून मग घ्यावेत, सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी चढवावेत आणि रात्री काढून ठेवावेत. घट्ट पैंजण, रुतणारी जोडवी, मोज्याची करकचलेली किनार ही सुजेच्या दिवसांत दूर असावीत.

कातडीची निगा ही हत्तीरोगाच्या दवाखान्यात शिकविली जाणारी विद्या येथेही जशीच्या तशी कामास येते. ताणलेली त्वचा लवकर फुटते आणि फुटलेल्या जागेतून जंतू शिरतात. रोज साध्या पाण्याने व साबणाने पाय धुवावेत, बोटांमधील भाग मऊ कापडाने टिपून कोरडा करावा, टाचांच्या भेगांना तेल किंवा मलम लावावे, चिखल्या झाल्या तर त्यांवर औषध करावे. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे व पाळणे कठीण आहे, ह्याची जाणीव सांगणाऱ्याने ठेवावी. निदान घरी परतल्यावरची पाच मिनिटे तिच्या पायांच्या वाट्याला आली तरी पुष्कळ. हत्तीरोगाच्या वार्षिक गोळ्या वाटण्यास कार्यकर्ते घरी येतील तेव्हा हा आजार त्यांच्यापासून लपवू नये. त्या गोळ्या उपाशीपोटी घ्यावयाच्या नसतात आणि फार आजारी माणसाला देत नाहीत; आणि उपास लपविणारी मुलगी नेमकी उपाशीपोटीच त्या गिळून मोकळी होण्याचा संभव असतो.

राहता राहिला वजनाचा काटा. पाण्याच्या चढउताराने दोन-तीन किलोंचा फरक दोन दिवसांत पडू शकतो, आणि तो वाचून कोणताही शहाणा निष्कर्ष काढता येत नाही. वजन डॉक्टरांनी, त्यांच्याच काट्यावर, आठवड्यातून एकदा पाहावे आणि घरातील काटा काही महिन्यांपुरता शेजारी देऊन टाकावा. त्याहून अवघड आहे ते जिभांना आवरणे. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाचे कौतुक करण्याची रीत अशी की, 'अंगाने भरलीस', 'बाळसे धरलेस', 'गाल कसे वर आले'! म्हणणाऱ्या मावशीच्या मनात निव्वळ माया असते. ऐकणाऱ्या मुलीच्या कानी त्यातून पडते ते एवढेच की, लोकांनाही आपली सूज चरबी म्हणून दिसत आहे. रंगाविषयी, शरीराविषयी काही न बोलता तिच्याशी परीक्षेविषयी, पुस्तकाविषयी, गाईच्या वासराविषयी बोलावे. आणि जेवणाच्या वेळी कोणीतरी तिच्याबरोबर पानावर बसावे. समोर बसून तिचे घास मोजीत राहू नये.

सूज कधीतरी उतरणार हे तिला पटवून देणे पायांपेक्षा मनाचे काम आहे, आणि मनाचे डॉक्टर त्यासाठीच असतात. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव घेतले की पूर्व विदर्भातील घरे अजून दचकतात. वास्तविक बाह्यरुग्ण विभागात जाऊन सल्ला घेणे आणि तेथे दाखल होणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढेही धैर्य होत नसेल तर टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि बोलणाऱ्याला आपले नाव गावात पोचेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रगती मोजावयाचीच असेल तर ती रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी अंगठा दाबून मोजावी, आणि ती मुलीने एकटीने न मोजता घरातील एखाद्या विश्वासाच्या माणसाने मोजावी. पहिल्या आठवड्यात खळगा खोल पडतो आणि भरावयास वेळ घेतो. मग तो उथळ होतो. पुढे तो केवळ संध्याकाळीच पडतो. घोट्याचे हाड परत दिसू लागते ते आधी सकाळच्या वेळी, अंथरुणात. दुपारपर्यंत ते पुन्हा बुडते. ह्यानंतरही एखादे लग्नकार्य, एखादा लांबचा मोटारप्रवास किंवा पापड-लोणच्याचे एखादे पान पायांवर दोन दिवस आपली खूण ठेवून जाते, आणि त्या दोन दिवसांतही रोजचे जेवण वेळेवर व्हावे लागते.